सरहद्दीवरचे ते दोन दिवे

२०१२ च्या ऑगस्ट महिन्यात लडाखमधील पँगाँग तलावाच्या परिसरात तैनात असलेल्या जवानांकडून वरिष्ठांकडे एक विचित्र खबर जाऊ लागली. रात्री चीनच्या बाजूने, डोंगराच्या कडेमागून, पिवळसर प्रकाशाचा एक गोळा वर येतो. आवाज नाही, धूर नाही. तीन ते पाच तास तो आकाशातून सावकाश सरकत राहतो आणि मग दिसेनासा होतो. पहाटे असाच आणखी एक येतो, तो पहिल्यापेक्षाही तेजस्वी असतो.

एकदा-दोनदा झाले असते तर कुणी लक्षही दिले नसते. पण ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात अशा ३२९ नोंदी झाल्या. त्यांपैकी १५५ वेळा त्या वस्तूने प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून भारताच्या हद्दीत प्रवेश केला, असे लष्कराच्या हिशेबात लिहिले गेले. चीनचे हेरगिरी करणारे ड्रोन असावेत, हा पहिला संशय. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्यात उडत्या तबकड्यांची भर घातली, हे वेगळे सांगायला नकोच.

वाचकांपैकी ज्यांना शेवट आठवत असेल ते आताच हसतील. ते दोन दिवे म्हणजे गुरू आणि शुक्र होते. आपल्या घरांतील जुन्या माणसांच्या बोलीत सांगायचे तर मुश्तरी आणि जोहरा. तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी भारतीय लष्कराची चेष्टा केली आणि आपल्याकडेही विनोद झाले. मला मात्र या हकिकतीत हसण्यापेक्षा शिकण्यासारखे जास्त दिसते, म्हणून ती नीट सांगतो.

आधी जागा समजून घेतली पाहिजे. पँगाँग हा सुमारे चौदा हजार फूट उंचीवरचा खाऱ्या पाण्याचा तलाव. लांबी सुमारे १३४ किलोमीटर, रुंदी त्या मानाने फारच थोडी, एखादी ओढणी डोंगरांत पसरून ठेवावी तसा. पश्चिमेकडचा लहान भाग भारताच्या ताब्यात, पूर्वेकडचा मोठा भाग चीनच्या. मधून जी रेषा जाते ती नकाशावर दोन्ही देशांनी मिळून कधी आखलेलीच नाही. आपली समजूत वेगळी, त्यांची वेगळी. १९६२ चे युद्ध या भागात लढले गेले. दक्षिण काठावर ठाकुंग येथे आपली चौकी आहे. तिथे रात्रीच्या पहाऱ्यावर उभ्या असलेल्या जवानाला पूर्वेकडे बघत राहायचे असते, कारण धोका आलाच तर तिकडूनच येणार.

आणि पूर्वेकडूनच तर सगळे उगवते! सूर्य, चंद्र, ग्रह आणि बहुतेक तारे. ठाकुंगला उभे राहिले की आकाशातली प्रत्येक गोष्ट चीनमधून निघते आणि भारताच्या डोक्यावरून जाते. १५५ वेळा झालेल्या त्या घुसखोरीचे रहस्य एवढेच होते. पण हे आज, निवांत बसून, चहाचा कप हातात घेऊन म्हणणे सोपे आहे.

लष्कराने हात बांधून वाट पाहिली नाही. वर्तमानपत्रांत आलेल्या माहितीनुसार तलावाजवळच्या डोंगरमाथ्यावर फिरते रडार नेण्यात आले. सोबत रेडिओ लहरी टिपणारे यंत्रही होते. गंमत अशी की डोळ्यांना स्पष्ट दिसणारी वस्तू रडारच्या पडद्यावर उमटेना. लहरी टिपणाऱ्या यंत्रालाही तिच्याकडून काही संदेश जाताना आढळेना. मग आपलाच एक टेहळणी ड्रोन तिच्या दिशेने पाठवला. तो जेवढा वर जाऊ शकत होता तेवढा गेला, आणि तरीही ती वस्तू त्याच्या हाती लागली नाही. यावरून निष्कर्ष असा निघू लागला की ही वस्तू धातूची नाही, रडारला चकवणारी आहे, फार उंच उडणारी आहे. प्रत्येक पुराव्याने संशय कमी होण्याऐवजी वाढत गेला.

आज उत्तर हाती असताना तेच पुरावे वाचून पाहा. २०१२ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला गुरू पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, म्हणजे सुमारे ६१ कोटी किलोमीटरवर. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. रडारची लहर तिथपर्यंत पोहोचून परत येण्याइतकी समर्थ असती, तरी तिची वाट पाहत तासाभराहून जास्त बसावे लागले असते. रडार गप्प राहिले ते योग्यच होते. ड्रोनलाही दोष देता येत नाही. यंत्रे खरे सांगत होती. पण प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात ‘शत्रूचा ड्रोन कोणत्या प्रकारचा?’ हा प्रश्न होता, ‘हा ड्रोनच आहे का?’ हा नव्हता.

पँगाँगपासून दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटरवर हानले हे गाव आहे. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा तिथे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, दोन मीटर आरशाची दुर्बीणही आहे. आकाश पाहण्यासाठी जगातल्या उत्तम जागांपैकी ही एक. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी तीन दिवस पाहणी केल्याची आणि ग्रह-उल्कांची शक्यता फेटाळल्याची बातमी त्या नोव्हेंबरमध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापून आली. मग तर काही विचारूच नका. शास्त्रज्ञच म्हणतात ग्रह नाहीत, म्हणजे नक्की काहीतरी भयंकर!

तरीही चौकशी बंद झाली नाही, आणि या प्रकरणाचे मोठेपण मला यात वाटते. लष्कराने संस्थेपुढे प्रश्न अगदी साध्या शब्दांत मांडला: ही वस्तू आकाशातली की पृथ्वीवरची? संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ तुषार प्रभू यांनी २०१३ च्या जुलैमध्ये वृत्तपत्राला हेच सांगितले, की आमच्यापुढचे काम एवढेच होते. यासाठी लष्कराने आपल्या तपशीलवार नोंदी पुरवल्या. किती वाजता, कोणत्या दिशेला, ताऱ्यांच्या संदर्भात ती वस्तू कशी सरकली. शास्त्रज्ञांनी त्या नोंदी आकाशाच्या गणिताशी ताडून पाहिल्या आणि दोन नावे समोर आली.

नोंदीत होते तरी काय? पहिली वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास क्षितिजावर येते आणि पहाटे पाचपर्यंत दिसते. दुसरी पहाटे चारला येते आणि सकाळी अकरापर्यंत दिसत राहते. खगोलाचा थोडाफार नाद असलेल्या माणसाला ही वेळापत्रके ओळखीची वाटतील. ३ डिसेंबर २०१२ रोजी गुरूची प्रतियुती होती, म्हणजे सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवत होता आणि सूर्य उगवताना पश्चिमेला मावळत होता. शुक्र त्या हंगामात पहाटतारा होता. चौदा हजार फुटांवरच्या विरळ, निळ्याशार आकाशात शुक्र सूर्योदयानंतरही दिसू शकतो. जागा ठाऊक असली आणि नजर त्याच्यावरून हटली नाही, तर बराच वेळ.

यापुढची गोष्ट आणखी सुंदर आहे. तारे दररोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात. आठवड्याला जवळजवळ अर्धा तास, महिन्याला दोन तास. गुरूही त्या महिन्यांत साधारण याच हिशेबाने चालला होता. ऑगस्टमध्ये मध्यरात्रीनंतर उगवणारा तो डिसेंबरात संध्याकाळी उगवू लागला. उलट शुक्र सूर्याकडे सरकत असल्यामुळे त्याचा उदय दिवसेंदिवस उशिरा, पहाटेला अधिकाधिक चिकटून होत होता. एक दिवा रोज लवकर येतो, दुसरा रोज उशिरा, आणि दोघेही महिनोन्महिने आपापला नियम मोडत नाहीत. जगातले कोणते सैन्य असे ड्रोन उडवील? एका रात्रीच्या पाहणीत हे कळणे शक्य नव्हते. सहा-सात महिन्यांच्या नोंदवहीतच ते दडलेले होते.

या दोन दिव्यांशी आपलीही ओळख होती, हे आता सांगायला हरकत नाही. त्या वर्षीचा रमजान जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता. सहरीच्या वेळी अंगणात किंवा गच्चीवर येऊन ज्यांनी पूर्वेकडे पाहिले असेल, आणि पावसाळी ढगांनी वाट दिली असेल, त्यांना हेच दोघे दिसले असतील. वर मुश्तरी, खाली जोहरा. गुरू तेव्हा वृषभ राशीत, रोहिणीच्या तांबूस ताऱ्याजवळ होता. या ताऱ्याला अरबी खगोलशास्त्रज्ञांनी अद्-दबरान म्हटले, म्हणजे मागोमाग येणारा, कारण तो सुरैया म्हणजे आपल्या कृत्तिकांच्या मागून आकाशात चढतो. युरोपियनांनी ते नाव तसेच उचलले आणि आजही जगभर तो अल्डेबरान म्हणूनच ओळखला जातो. आपल्या घरात सुरैया नावाची एखादी आपा किंवा खाला असतेच. तिच्या नावाचा तारकापुंज मात्र किती जणांना दाखवता येईल?

पण मग डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या जवानाला ग्रह कसा ओळखू आला नाही? याचे उत्तर डोळ्यात आहे, आणि थोडे भीतीतही.

काळ्याभोर अंधारात एकच ठिपका टक लावून पाहिला की थोड्या वेळाने तो हलतो आहे असे वाटू लागते. डोळ्याचे स्नायू सतत बारीक हालचाल करत असतात. आजूबाजूला तुलना करायला दुसरे काही नसले की ती हालचाल मेंदू त्या ठिपक्याच्या नावावर जमा करतो. ढग वाहत असतील तर ग्रहच धावतोय असा भास होतो. क्षितिजाजवळ हवेचे थर जाड असल्याने प्रकाश थरथरतो, लाल-हिरवा होतो. आणि उंचावरच्या स्वच्छ हवेत शुक्राचे तेज एवढे असते की शहरातल्या माणसाला तो तारा आहे हे पटतच नाही.

बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’ हा ग्रंथ लिहिला. त्यात नजरेच्या चुकांसाठी त्यांनी एक अख्खा भाग खर्ची घातला आहे. क्षितिजावरचा चंद्र मोठा का दिसतो, याचाही त्यांनी विचार केला आणि कारण चंद्रात नसून आपल्या समजण्याच्या क्रियेत आहे असे मांडले. डोळ्यात येणारा प्रकाश वेगळा आणि त्यावरून मनाने काढलेला निष्कर्ष वेगळा, हा भेद त्यांनी इतक्या बारकाईने केला की त्यांचे नाव आजही प्रकाशशास्त्राच्या इतिहासात पहिल्या रांगेत घेतले जाते. ठाकुंगच्या जवानाच्या डोळ्यात येणारा प्रकाश खराच होता. निष्कर्ष मात्र सरहद्दीने काढला होता.

आणि तो निष्कर्ष महाग पडू शकला असता. एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे या नोंदींनंतर दोनच महिन्यांनी, लडाखच्याच उत्तर भागात देपसांगच्या पठारावर चिनी सैनिकांनी तंबू ठोकले. तीन आठवडे दोन्ही सैन्ये समोरासमोर होती. अशा वेळी ‘त्यांचे ड्रोन दीडशे वेळा आत आले’ हा आकडा एखाद्या वाटाघाटीच्या टेबलावर किंवा एखाद्या उतावीळ कमांडरच्या हाती पडला असता तर? दोन्ही देशांकडे अण्वस्त्रे आहेत.

ही केवळ कल्पना नाही. ५ ऑक्टोबर १९६० रोजी नेमके असे घडले होते. सोव्हिएत क्षेपणास्त्रांची आगाऊ खबर मिळावी म्हणून अमेरिकेने ग्रीनलँडमधील थूले येथे प्रचंड रडार उभे केले होते. ते नुकतेच सुरू झाले होते. त्या दिवशी रडारने संदेश दिला की क्षितिजावरून मोठा हल्ला येत आहे. उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षण मुख्यालयात धावपळ उडाली. तिथले उपप्रमुख कॅनडाचे एअर मार्शल रॉय स्लेमन यांनी त्या गोंधळात एक साधा प्रश्न विचारला: ख्रुश्चेव्ह आत्ता कुठे आहेत? उत्तर आले, न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या बैठकीसाठी. आपला सर्वोच्च नेता ज्या देशात आहे त्याच देशावर सोव्हिएत संघ अणुबॉम्ब टाकील, हे शक्य दिसत नव्हते. काही वेळाने उलगडा झाला. नॉर्वेच्या बाजूने चंद्र उगवला होता. रडारची लहर चंद्रावर आपटून सुमारे अडीच सेकंदांनी परतत होती, आणि इतक्या दूरवरून काही परत येऊ शकेल हे यंत्र बांधणाऱ्यांच्या ध्यानातच आले नव्हते. ज्या चांदकडे पाहून आपण दुआ मागतो, त्याच्यामुळे त्या दिवशी दुनिया धोक्यात आली होती.

त्याआधी, २४ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री, लॉस एंजेलिसमध्ये याहून वाईट घडले होते. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्याला तीन महिनेही झाले नव्हते. आकाशात काहीतरी दिसल्याची खबर आली, भोंगे वाजले, शहर अंधारात बुडाले आणि पहाटेपर्यंत विमानविरोधी तोफांनी १,४०० हून अधिक गोळे झाडले. शत्रूचे एकही विमान आले नव्हते. धावपळीतले अपघात आणि हृदयविकाराचे झटके यांनी काही नागरिक मात्र दगावले. हवामानाचा एखादा फुगा आणि युद्धाने ताणलेल्या नसा, असे निदान पुढे अमेरिकन हवाई दलाच्या इतिहासकारांनी केले.

अमेरिकेने नंतर या विषयासाठी कायमचे खातेच उघडले. ‘प्रोजेक्ट ब्ल्यू बुक’ या नावाने हवाई दलाने १९५२ ते १९६९ अशी चौकशी चालवली. एकूण १२,६१८ नोंदी तपासल्या. बहुतेकांचा उगम ग्रह, तारे, फुगे, विमाने यांत सापडला. ७०१ नोंदींचा उलगडा झाला नाही. हौशी लोक आजही या ७०१ वर आपले मजले चढवतात. माझे मत विचाराल तर उलगडा न होणे म्हणजे माहिती अपुरी असणे, एवढेच. चोर सापडला नाही म्हणून चोरी जिन्नांनी केली असे पोलीस लिहीत नाहीत.

आता थोडे आपल्या घरातल्या गोष्टीकडे येतो, कारण आकाशात दिसलेल्या प्रकाशाची साक्ष कशी तपासावी हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. दरवर्षी शाबान आणि रमजानच्या २९ तारखेला आपण तेच करतो. कुणी येऊन म्हणाला की मी चांद पाहिला, तर हिलाल कमिटीतले बुजुर्ग त्याला लगेच मुबारकबाद देत नाहीत. किती वाजता पाहिला? सूर्य मावळला त्या जागेच्या उजवीकडे की डावीकडे? जमिनीपासून किती वर? टोके कोणत्या दिशेला होती? सोबत आणखी कोण होते? साक्ष देणारा नमाजी आहे, सच्चा आहे, हे ठाऊक असूनही हे विचारले जाते. सच्चा माणूसही चुकीचे पाहू शकतो, हे त्यात गृहीत आहे. आणि लष्कराने शास्त्रज्ञांना ज्या नोंदी दिल्या त्या तरी काय होत्या? वेळ, दिशा, हालचाल. तेच प्रश्न.

जुन्या अरबी चरित्रग्रंथांत एक किस्सा येतो. हजरत अनस बिन मालिक (रजि.) तेव्हा शंभरीच्या घरात होते. लोकांबरोबर चांद पाहायला गेले असता त्यांनी सांगितले की मला दिसला, तो बघा. बाकी कुणालाच दिसेना. प्रेषितांच्या (स.) सहवासात राहिलेल्या बुजुर्गांना खोटे कोण म्हणणार? बसऱ्याचे काझी इयास बिन मुआविया तिथे होते. त्यांनी निरखून पाहिले तर हजरत अनस यांच्या भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला होता. काझींनी अदबीने तो केस बाजूला सारला आणि विचारले, आता दाखवा बरे. चांद कुठेच नव्हता. काझींनी साक्षीदाराचा मान राखला आणि साक्षही तपासली. मला वाटते, पँगाँगच्या प्रकरणातही नेमके हेच झाले. जवानांना कुणी वेडे ठरवले नाही, आणि त्यांचा शब्द म्हणून ड्रोनही मान्य केले नाहीत.

अर्थात प्रत्येक दिवा म्हणजे ग्रहच, अशी उलटी खात्रीही कामाची नाही. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवा. त्या दिवशी गुढीपाडवा होता, आणि त्याच संध्याकाळी आपल्याकडे रमजानचा चांद दिसला. गावोगावी माणसे घराबाहेर होती. पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि शेजारच्या मध्य प्रदेशात आकाशातून जळते पट्टे एकामागून एक जाताना दिसले. मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या. कुणी उल्का म्हणाले, कुणी क्षेपणास्त्र, कुणी कयामतच्या निशाण्या मोजायला बसले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे दोन-तीन मीटर व्यासाचे एक कडे पडलेले सापडले. आसपास धातूचे गोळेही मिळाले. चीनच्या लाँग मार्च जातीच्या रॉकेटचा, आधीच्या वर्षी उपग्रह सोडून झाल्यावर अंतराळात भटकत राहिलेला टप्पा वातावरणात शिरून जळाला, असा जाणकारांचा निर्वाळा आला. म्हणजे चीनमधून आलेली वस्तू एकदा खरोखरच आपल्या हद्दीत पडली, पण ती लडाखला नाही, चंद्रपूरला.

आणि मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ड्रोन पाठवले गेल्याचे सरकारने सांगितले. सीमेवरच्या गावांत दिवे मालवून बसलेल्या घरांना आकाशातला प्रत्येक ठिपका जीवघेणा वाटत होता, आणि काही ठिपके खरोखर जीवघेणे होते. त्याच रात्री जुन्या युद्धांच्या आणि चक्क व्हिडिओ गेममधल्या चित्रफिती ताज्या म्हणून लाखो मोबाइलवर पोहोचल्या. ड्रोन कोणता आणि तारा कोणता हे ओळखण्याची जबाबदारी आता फक्त पहाऱ्यावरच्या जवानाची राहिलेली नाही. चित्रफीत पुढे ढकलणाऱ्या बोटाचीही आहे.

म्हणून घरातल्या मुलांना एवढे जरूर दाखवा. गच्चीवर अनोळखी दिवा दिसला तर आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहा. मग हात सरळ पुढे करून मूठ वळा. आपली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून दिवा किती मुठी वर आहे, ते मोजा. एखाद्या खांबाच्या किंवा मिनाराच्या कडेला तो लावून धरा आणि दहा मिनिटे जागचे हलू नका. मिनाराच्या आधाराने पाहिले की खोटी हालचाल आपोआप थांबते. लुकलुकत असेल तर बहुधा तारा, शांत तेवत असेल तर बहुधा ग्रह. काही मिनिटांत आकाश पार करणारा एकटा ठिपका विमान किंवा उपग्रह, आणि माळेसारखे ओळीने जाणारे दिवे स्टारलिंकचे, जे २०१९ पासून वारंवार दिसू लागले आहेत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहा. जवळजवळ त्याच जागी सापडला तर तो तुमच्या शेजाऱ्याने उडवलेला नाही. मोबाइलमध्ये आकाशाचा नकाशा दाखवणारी फुकट ॲप आहेत, ती वापरा. पण ती उघडायची आपली नोंद लिहून झाल्यावर. नाहीतर डोळा ॲप सांगेल तेच पाहतो.

हानलेभोवतीचा परिसर २०२२ च्या अखेरीस रात्रीच्या काळोखाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. गावातल्या दिव्यांवर झाकणे बसवली, खिडक्यांना जाड पडदे लावले. आसपासच्या वाड्यांतील काही तरुणांना आणि स्त्रियांना खगोलभौतिकी संस्थेने प्रशिक्षण देऊन छोट्या दुर्बिणी दिल्या. पर्यटक येतात, थंडीत कुडकुडत रांगेत उभे राहतात, आणि लोकरी टोपी घातलेली एखादी लडाखी बाई दुर्बीण फिरवून त्यांना गुरू दाखवते. शेजारी त्याचे चार चंद्र असतात, सुईच्या टोकाएवढे, एका ओळीत.